वरचं रान मुकं झालं

गावात त्यांना सगळे पाखरूकाका म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण ते इतकं चिकटलं होतं की पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं खरं नाव वाचून क्षणभर घोटाळायचा. काकांची उभी हयात लाकडाच्या वखारीत गेली. मोठ्या करवतीच्या मशीनपाशी उभं राहायचं, आलेला ओंडका सरळ लावायचा आणि फळ्या पाडायच्या. आठवडाभर झाडं कापायची आणि रविवारी झाडं बघायला रानात जायचं, याची त्यांची बायको कायम थट्टा करायची.

"खाटकानं सुट्टीच्या दिवशी शेळ्या कुरवाळायला जावं, तसं आहे तुमचं," ती म्हणायची. काका हसायचे, दुर्बीण गळ्यात अडकवायचे आणि निघायचे.

वखारीतून निवृत्त झाल्यावर त्यांच्यामागून लोकही यायला लागले. आधी औषधाच्या दुकानातली बाई आली, मग शाळेतले जुने मास्तर, मग हा आपल्या भावाला घेऊन, ती आपल्या जावेला घेऊन. थंडी सरून बर्फ वितळायला लागलं की रविवारी सकाळी ओढ्यावरच्या पुलाजवळ घोळका जमायचा. काका पुढे, बाकीचे मागे. मध्येच काका हात वर करायचे. तसे सगळे जागच्या जागी थांबायचे. काका डोळे मिटून ऐकायचे आणि हळूच सांगायचे, कोण बोलतंय ते. पुस्तकातली नावं त्यांना ठाऊक होती, पण ती त्यांच्या तोंडात बसत नसत. अंगठ्याएवढा, डोक्यावर पिवळी रेघ ओढलेला, पाइनच्या शेंड्यावर बसून सुईच्या टोकासारखा बारीक आवाज काढणारा पक्षी म्हणजे सुईवाला. खोडाला गोल गोल वेढे घालत वर चढणारा तो जिनेवाला. गावातल्या अर्ध्या लोकांना आता हीच नावं खरी वाटत होती.

काकू मात्र त्या घोळक्यात कधी गेल्या नाहीत. बाजाराच्या रस्त्यावर, चपलांच्या दुकानाला लागून त्यांची एक लहानशी खोली होती. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला दोऱ्यांची रिळं, दारामागे खुंटीवर लोकांचे कपडे. पँट आखूड करून दे, कोटाचं अस्तर बदल, चेन नवी बसव, अशी सगळी दुरुस्तीची कामं. आठवड्यात साठलेलं काम रविवारी उरकायचं, हा त्यांचा नेम. "झाडं काय कुठं पळून चाललीत का? फुरसत मिळाली की बघेन," असं म्हणता म्हणता कितीतरी वसंत येऊन गेले आणि फुरसत काही मिळाली नाही.

त्या वर्षी हिवाळ्याच्या अखेरीला काका दाराबाहेरच्या बर्फावरून घसरले आणि उजवं मनगट मोडून बसले. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि रानात एकट्यानं जायचं नाही म्हणून बजावलं. लांबच्या शहरात राहणाऱ्या मुलीनं फोनवरून आणखी दम भरला.

"आई, बाबा काही घरात बसायचे नाहीत. तूच जा त्यांच्याबरोबर."

"आणि दुकान कोण बघणार? तू?"

"रविवारी कोण येतं गं दुकानात? जा तू. पाय मोकळे होतील तुझेही."

असं करत काकू एका रविवारी जुने बूट घालून, पिशवीत पाव आणि चहाचा थर्मास घेऊन नवऱ्याच्या मागून रानाच्या वाटेला लागल्या. पुलाजवळ कुणीही नव्हतं. काकांनीच सगळ्यांना निरोप दिला होता, की यंदा नको.

"का हो? हाताचं काय, तो तर बरा होतोय."

"हाताचं नाही गं. दाखवण्यासारखं उरलंय काय तिथं?"

काकूंना ते बोलणं नेहमीच्या कुरकुरीतलं वाटलं. त्या जास्त खोलात शिरल्या नाहीत.

वाट आधी पानझडीच्या झाडांतून जात होती. झाडं अजून उघडीच होती, पण उघडी असूनही मेल्यासारखी दिसत नव्हती. फांद्यांच्या टोकांना टपोरे चिकट कोंब आले होते. एका झुडपाला पिवळट लोंब्या लोंबत होत्या. काकांनी त्यातल्या एकीला डाव्या हातानं टिचकी मारली, तशी हळदीसारखी भुकटी हवेत उडाली आणि काकूंच्या काळ्या कोटावर बसली.

"झालं! ब्रशनं निघणार नाही हे," काकू म्हणाल्या, पण कोट झटकायचा सोडून उभ्या राहिल्या आणि त्यांनीही एका लोंबीला टिचकी मारून पाहिली.

उताराच्या सावलीत अजून मळकट बर्फाचे ढीग होते. त्यांच्या कडेनं पाणी पाझरून वाटेवर येत होतं आणि बूट पचपच बुडत होते. चाकोरीतल्या एका डबक्यात साबुदाण्यासारखा बुळबुळीत गोळा तरंगत होता. काका म्हणाले, बेडकांची अंडी. पुढे मुंग्यांचं कमरेएवढं वारूळ होतं. त्याच्या उन्हाच्या अंगाला मुंग्या काळ्या गालिच्यासारख्या पसरल्या होत्या, नुसत्या पडून, अंग शेकत. वाळक्या पानांच्या थरातून पांढरी नाजूक फुलं वर आली होती. काही उमललेली, काही मान खाली घालून. कुठंतरी सुतार पक्ष्यानं पोकळ खोडावर टकटक सुरू केली आणि काकांनी लगेच हात वर केला.

"ऐकलंस?"

"न ऐकायला काय झालं? गावभर ऐकू गेलं असेल."

काका हसले. काकूंना वाटलं, एवढं चांगलं असतं हे, आणि आपण मेलं इतकी वर्षं चेना बदलत बसलो. तसं त्या बोलल्या नाहीत. नवऱ्याला एवढं चढवून ठेवण्यात काही अर्थ नव्हता.

वाट चढाला लागली तसे काका गप्प होत गेले. वर टेकडीच्या माथ्याला जुन्या पाइनचं रान होतं. गावातले लोक त्याला नुसतं वरचं रान म्हणत. उंच, सरळ, काळपट खोडं. खाली सुयांचा जाड थर, त्यावर पाऊल पडलं तरी आवाज होत नव्हता. आणि जवळजवळ प्रत्येक खोडावर छातीच्या उंचीला लाल रंगाचा फराटा मारलेला.

"हे काय?"

"तोडायची खूण." काका एका ओंडक्यावर बसले. "शाळेचं छप्पर करायचंय ना. लाकूड विकून करणार. वनखात्यातली बाई विचारायला आली होती मला हिवाळ्यात. म्हणाली, काका, दुर्मीळ पाखरं घरटी करत असतील तर त्या रानाला हात लावता येत नाही, नियमच आहे तसा. तुम्ही सांगाल ते मी लिहीन."

"मग?"

"मग काय? खोटं कसं सांगणार? गेली दोन-तीन वर्षं बघतोय मी. आधी सुईवाले गेले. एकदम नाही गं, कमी कमी होत गेले. मग जिनेवाला गेला. लहान टोपीवाले होते, ते गेले. मागच्या वसंतात तर मी इथं सकाळभर बसलो आणि एक हूं नाही की चूं नाही. हे रान मुकं झालंय. मी तिला तेच सांगितलं. म्हटलं, तोडा. तिथं आता कुणी राहात नाही."

घरात कुणी वारलं-गेलं की हा माणूस असाच बोलायचा, थोडं आणि जमिनीकडे बघत. काकूंनी थर्मास उघडला, झाकणात चहा ओतून नवऱ्याच्या हातात दिला आणि त्याच्याशेजारी टेकल्या.

वारा नव्हता. तेव्हा त्यांना तो आवाज ऐकू आला. फार बारीक, डोक्यावर कुठेतरी. मशीनला तेल कमी पडलं की चाक जसं किणकिणतं, तसं काहीतरी. सी-सी-सी, सी-सी-सी, मग झर्रकन वर चढून थांबायचं. पुन्हा पहिल्यापासून. थोड्या वेळानं पलीकडच्या झाडावरूनही तसंच आलं.

"अहो, हे काय वाजतंय?"

"कुठं?"

"हे काय, वर."

काकांनी मान वर केली, कपाळाला आठ्या घालून ऐकलं. आवाज तर थांबायचं नाव घेत नव्हता. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्या चेहऱ्यावर काहीही उमटत नव्हतं.

"काही नाही गं. फांदी फांदीला घासत असेल."

एकही फांदी हलत नव्हती.

शिट्टी मारत उकळणाऱ्या किटलीशेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेले काका काकूंना आठवले. "राजेसाहेब, उठून गॅस बंद करायला काय होतं?" म्हणून त्या किती वेळा तरी ओरडल्या होत्या. ताप बघायचं यंत्र वाजलं तरी काखेत धरून बसलेले काका. मुलगी फोनवर बोलली की "ती हल्ली पुटपुटते" म्हणणारे काका. काकूंचा भरड आवाज, सुताराची टकटक, ढगांचा गडगडाट, सगळं त्यांना नीट ऐकू यायचं. त्यामुळे कधी कुणाच्या मनातही आलं नाही. वखारीतल्या त्या करवतीच्या आवाजानं माणसाचे कान वरच्या, बारीक आवाजांच्या बाजूनं हळूहळू कापत आणले होते.

पाखरं कुठं गेलीच नव्हती.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"कुठं काय? चला, गार होतंय," काकू म्हणाल्या.

तो आठवडा त्यांना फार जड गेला. हात काम करत होते आणि मन वरच्या रानात अडकलेलं. सांगावं तर कसं सांगावं? हा माणूस वखारीत कधी मुकादम झाला नाही, घरात चार चांगल्या वस्तू आल्या नाहीत, पण रविवारी पुलावर उभा राहिला की गाव त्याच्यामागून चालायचं. त्याच्या कानांवर चालायचं. तेच काढून घ्यायचं? आणि नाही सांगितलं तर? रान तुटेल, शाळेला छप्पर होईल, कुणाला काही कळणार नाही. हे सगळं पोटात ठेवायला काकूंना जमलं असतं. संसारात कितीतरी गोष्टी तशा ठेवल्या होत्या.

एकदा त्यांनी परीक्षाही घेऊन पाहिली. काका जेवत असताना स्वयंपाकघरातून ते तापाचं यंत्र मुद्दाम वाजवलं. टी-टी, टी-टी. काका डाव्या हातानं जेवत राहिले. काकूंनी यंत्र बंद करून खणात टाकलं आणि खण जरा जोरानंच लावला. "काय गं आपटतेस?" काका बाहेरच्या खोलीतून म्हणाले.

शनिवारी दुपारी वनखात्यातली बाई दुकानात आली. तरुण होती, कामसू, बुटांना कायम चिखल. तिच्या जाकिटाची चेन तुटली होती.

"काकू, उद्यापर्यंत होईल का? सोमवारपासून वरच्या रानात काम सुरू होतंय. दिवसभर तिथंच उभं राहायचंय, आणि वर वारा कसला असतो!"

काकूंच्या हातातली कात्री थांबली. "सोमवारी? इतक्यात?"

"घरटी बांधायच्या आत उरकावं लागतं ना. आजूबाजूच्या पाखरांना त्रास नको." ती जरा थांबली. "मला वाईट वाटतं हो. पण काकांनीच सांगितलं तिथं काही नाही म्हणून. त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकलं नसतं मी."

ती गेल्यावर काकूंनी जुनी चेन उसवली, नवी लावली, आणि शेवटचा टाका घालून दोरा तोडला तेव्हा त्यांचं ठरलं होतं.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी त्यांनी काकांना समोर बसवलं.

"मी काय सांगते ते शांतपणे ऐका. वरचं रान मुकं नाहीये. त्या दिवशी मी वाजतंय म्हटलं ना, ती फांदी नव्हती. पाखरू होतं. एक नाही, दोन होती."

"कसलं पाखरू?"

"मला काय माहीत कसलं. बारीक आवाज. सुईसारखा."

काका हसले, पण ते हसणं बरं नव्हतं.

"तुला काय कळतं गं पाखरांतलं? जन्मात एकदा रानात आलीस आणि मला शिकवतेस? इतकी वर्षं मी ऐकतोय!"

"तेच म्हणतेय मी. ऐकत होतात. आता नाही ऐकू येत तुम्हाला. किटली वाजलेली कळत नाही. परवा मी ते तापाचं यंत्र वाजवलं..."

"माझी परीक्षा घेतेस?" काका उठले. खुर्ची मागे कलंडली. "लाज नाही वाटली? शाळेतल्या पोरासारखी परीक्षा घेतेस नवऱ्याची?"

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी असा आवाज चढवलेला काकूंनी क्वचितच ऐकला होता. काका आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. त्या रात्री दोघंही उपाशीच झोपले.

सकाळी काकू उठल्या तेव्हा खुंटीवर दुर्बीण नव्हती.

त्यांनी केस कसेबसे बांधले आणि निघाल्या. पुलावरून पुढे वाटेच्या ओल्या चिखलात काकांच्या बुटांचे ठसे ताजे होते. एके ठिकाणी ठसे घसरलेले दिसले, लांब फराटा उमटला होता, आणि काकू धावतच पुढे गेल्या. पण पुढे पुन्हा पावलं होती. त्या धापा टाकत चढत राहिल्या. वाटेतलं काहीही त्यांना त्या दिवशी दिसलं नाही.

काका त्याच ओंडक्यावर बसले होते. प्लास्टरच्या हाताला चिखल लागला होता. काकू जवळ आल्या तरी त्यांनी मान वळवली नाही.

"पहाटेपासून बसलोय," ते म्हणाले. "काही नाही. एक आवाज नाही."

वर तर सगळीकडून किणकिण चालली होती. या झाडावर, त्या झाडावर, मागे खाली उताराकडे. उजाडल्यापासून चालली असणार. हा माणूस त्याच्या मधोमध बसून काही नाही म्हणत होता.

त्यांनी बराच वेळ वर बघितलं. मान अवघडली. मग एका खालच्या फांदीच्या टोकाला, गर्द सुयांमध्ये काहीतरी हललं. हिरवट, चिमुकलं, एका जागी न ठरणारं.

"अहो. ती फांदी बघा. वाकलेली, मोडक्या खोडाच्या वर. तिच्या टोकाला."

काकांनी डाव्या हातानं दुर्बीण डोळ्यांना लावली. पण एका हातात ती ठरेना, थरथरायला लागली. काकू त्यांच्या मागे गेल्या आणि दोन्ही हातांनी दुर्बीण खालून धरली, सुईत दोरा ओवताना धरतात तसा श्वास धरून.

"दिसला?"

"हं." काका पुढे झुकले. "हं. डोक्यावर पिवळी रेघ. अगं, तोच आहे. सुईवाला."

"मग?"

"पण गप्प आहे ना तो. नुसता..."

ते थांबले. काकूंच्या तळव्यांना दुर्बिणीतून त्यांचं अंग ताठ झालेलं कळलं.

"चोच उघडतोय," काका म्हणाले. "गळा हलतोय त्याचा." मग फार हळू विचारलं, "आवाज येतोय का गं?"

"येतोय."

"आत्ता?"

"आत्ता येतोय. थांबला. आता परत सुरू झाला बघा."

काका बघत राहिले. चोच मिटली तेव्हा काकू म्हणाल्या, थांबला. उघडली तेव्हा त्यांना काही म्हणावं लागलं नाही. तो पक्षी उडून गेल्यावरही काकांनी दुर्बीण खाली घेतली नाही. काकूंचे हात भरून आले, तरी त्यांनी ते काढले नाहीत. काकांच्या गालावरून पाणी ओघळून दुर्बिणीच्या पट्ट्यावर पडत होतं.

किती वेळानं कोण जाणे, त्यांनी विचारलं, "एवढाच आहे का अजून आहेत?"

खोटं बोलायची ही वेळ नव्हती. "रान भरलंय, अहो," काकू म्हणाल्या.

काका उठले. चिखलाच्या हातानंच त्यांनी तोंड पुसलं. "चल," ते म्हणाले, "त्या पोरीकडे जायला हवं."

वनखात्याच्या कचेरीच्या वरच ती राहायची. दार उघडून तिनं दोघांचे अवतार बघितले आणि घाबरून खुर्च्या पुढे केल्या. काका बसले नाहीत.

"मी तुला चुकीचं सांगितलं," ते म्हणाले. "वरचं रान मुकं नाही. मी बहिरा झालोय."

तिला आधी समजलंच नाही. मग काकूंनी सगळं नीट सांगितलं. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला.

"काका, तुमच्या शब्दावर मी सही केलीय. ठेकेदाराचं मशीन काल टेकडीखाली येऊन उभं राहिलंय. वरच्या साहेबांना मी काय सांगू? काकूंनी ऐकलं म्हणून?"

"माझं नको ऐकूस," काकू म्हणाल्या. "तुला कान आहेत ना? तू चल."

ती गेली. त्याच दुपारी गेली, आवाज टिपून घेणारं यंत्र घेऊन. पण तोंडी सांगून काम थांबत नाही. कागद वर जायचा होता, वरून हुकूम यायचा होता, आणि सोमवारी सकाळी मशीन सुरू झालं. गावात बाजाराच्या रस्त्यापर्यंत त्याची घरघर ऐकू येत होती. तो आवाज काकांना अगदी स्वच्छ ऐकू येत होता. ते खिडकीशी बसून राहिले. काकूंनी त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

हुकूम आला तोवर खालचा सगळा उतार मोकळा झाला होता. माथ्यावरचा भाग तेवढा वाचला. शाळेचं छप्पर निम्म्यावर अडलं आणि त्यावरून गावात बोलणाऱ्यांनी बोलून घेतलं. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला धड ऐकू येत नाही, तर कशाला मिरवायचं एवढी वर्षं. कुणी म्हणालं, बायकोनं पढवलं असेल. काकांनी कुणाला उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी मात्र त्यांनी औषधवाल्या बाईला आणि मास्तरांना पुलावर बोलावून घेतलं आणि काय झालं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. औषधवाली बाई रडायला लागली, तेव्हा काकाच तिला म्हणाले, "अगं, पाखरं आहेत, रडतेस काय? बरंच झालं की."

शहरात नेऊन मुलीनं त्यांचे कान तपासून घेतले. कानामागे लावायची यंत्रं मिळाली. ती लावून काका घरी आले आणि पहिल्याच जेवणाला म्हणाले, "बशीवर चमचा एवढा वाजतो होय!" मुलीचं बोलणं आता कळत होतं. किटलीची शिट्टीही ऐकू येत होती. पण अगदी वरचे, बारीक आवाज यायचे नाहीत, ते डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. कानाचा तो भाग मेलेला होता, आणि मेलेल्याला यंत्र काय करणार?

झाडांना पूर्ण पानं यायच्या सुमाराला, प्लास्टर निघाल्यावर, दोघं पुन्हा वर गेले. तोडलेल्या उताराजवळ काका थांबले. बुंधे अजून ओले होते, चीक गोठून पिवळा झाला होता आणि फांद्यांचे ढीग सुकत पडले होते. त्यांच्यामधून गवताची पाती उगवायला लागली होती. वखारीत काकांनी आयुष्यभर कापलेली खोडं बघितली होती, पण उभं रान असलेल्या जागी असं उघडं ऊन पडलेलं बघणं वेगळं होतं.

"हे माझ्यामुळे," ते म्हणाले.

काकूंच्या तोंडावर 'तुमच्यामुळे कसं' आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. "हो," त्या म्हणाल्या. "आणि वरचं राहिलं, तेही."

काकांनी मान हलवली. दोघं उताराच्या कडेला एका बुंध्यावर बसले. काकूंनी पाव काढला, अर्धा मोडून दिला. मग झुडपातून एक बारीक शिट्टी आली. काकांना ती पोचली नाही, पण काकूंनी खाता खाता तोंड थांबवलेलं त्यांनी बघितलं.

"काय आहे?"

"शिट्टी."

"कशी? वर जाते का खाली येते?"

काकूंनी ऐकलं. "खाली येते. मध्येच अडखळते. मग गुळणी केल्यासारखं काहीतरी."

"गुळणी?" काका विचारात पडले. "शेवटी लांबवतो का तुटक करतो?"

"आता कसं सांगू? थांबा, परत करू दे. हं... तुटक. दोनदा तुटक."

काकांनी डोळे मिटले. ओठ हलवून त्यांनी मनातल्या मनात ती शिट्टी घालून बघितली, एकदा, दोनदा. मग डोळे उघडले.

"नाही ओळखू येत मला," ते म्हणाले.

"राहू दे मग."

"राहू दे कसं? अजून ऐक तू. नीट ऐक."

काकूंनी हातातला पाव कागदात गुंडाळून ठेवला, आणि ऐकायला लागल्या.